गाडीचा स्वभाव की गाडीची झीज?

वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारी

प्रश्न : घरी 1984 सालची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेली एक ऑटोमॅटिक गाडीही. आराम नव्या गाडीत आहे, पण चालवायची हौस फिटते ती पद्मिनीतच. मुलगा म्हणतो, ‘बाबा, त्या तुमच्या आठवणी आहेत, गाडीत तसं काही नाही.’ खरंच काही फरक असतो का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : फरक आहे, आणि तो मुलाला बॉनेट उघडून दाखवता येईल. इंजिन बंद ठेवा, एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडातून आत बघत थ्रॉटलचा (पेडलला जोडलेल्या झडपेचा) दांडा हातानं झटकन ओढा. पेट्रोलची एक बारीक धार आत उडालेली दिसेल. ते काम अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं. तुळजापूरचा घाट चढताना पाय दाबल्याबरोबर गाडी जो पहिला उचल घेते, तो या धारेमुळे. तुमचा पाय आणि ती धार यांच्यामध्ये दांडे आणि सांधे सोडून काहीही नाही. नव्या गाडीत पेडलच्या मुळाशी सेन्सर असतो. तो संगणकाला फक्त ‘इतकं मागितलं’ एवढं कळवतो आणि किती द्यायचं ते संगणक ठरवतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे निकष लागू झाल्यावर हे ठरवणं आणखी काटेकोर झालं, कारण धुराचं प्रमाण प्रत्येक क्षणी सांभाळावं लागतं. हवेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, पण पाय आणि इंजिन यांच्यातलं थेट बोलणं त्यात संपलं.

स्टिअरिंगचंही तेच. पद्मिनीत चाक खड्ड्याच्या कडेला टेकलं की ते तळहाताला कळतं. आताच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये मोटर हाताचा जोर कमी करते आणि रस्त्याकडून येणारी थरथरही बरीचशी गाळून टाकते. पार्क चौकात गाडी वळवून लावायची असेल तर ही सोय मोठीच. मोकळ्या होटगी रस्त्यावर मात्र हाताला काही सांगितलं जात नाही.

रूपाचं कारण वेगळं आहे. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली इंजिनाचा कठीण भाग लागू नये म्हणून आता मध्ये मोकळी जागा सोडतात, त्यामुळे नाक उंच होतं. छत चेपू नये म्हणून खांब जाड होतात, त्यातच पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा बसवायच्या असतात. एकाच सांगाड्यावर तीन-चार मॉडेलं काढायची असली की सगळ्यांची ठेवण सारखी होणारच. पद्मिनीचे खांब बोटभर, काचा मोठ्या, मागे माशाच्या परांसारखे इवलेसे कल्ले. ते कल्ले कुठल्याही नियमासाठी नव्हते. 1964 च्या फियाट 1100 डिलाइटकडून ते तसेच पुढे आले.

मुलाचं एक म्हणणं मात्र मान्य करा. धडक झाली तर जुनी गाडी आतल्या माणसाला नव्या गाडीइतकं वाचवू शकत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि समोर धडकेत न दुमडणारा ताठ स्टिअरिंग कॉलम आहे, म्हणून हैदराबाद रोडवर साठच्या वर नेऊ नका.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना ठाऊक असायला हवी. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरातच झाला.

प्रश्न : माझ्या पद्मिनीचं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना चांगलं दोन इंच रिकामं फिरतं. मेकॅनिक म्हणतो, जुन्या गाड्यांचा तो स्वभावच आहे.
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : हा स्वभाव अजिबात नाही, ही झीज आहे. आणि ती जीवावर बेतू शकते, म्हणून ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका. नीट ठेवलेल्या पद्मिनीत स्टिअरिंगच्या कडेवर एकूण इंचभर प्ले (रिकामं फिरणं) पुरे झाला.

बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून स्टिअरिंग बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळतात. तो शेवटी करायचा. बॉक्समधला वर्म (पेचदार दांडा) मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. स्क्रू आवळला की मधला प्ले जातो, पण पूर्ण वळवल्यावर स्टिअरिंग जाम होतं आणि चौकात वळून झाल्यावर आपोआप सरळ येत नाही.

आधी झीज कुठे आहे ते शोधा. गाडी सपाट जागी उभी करून एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं समोरून वाकून टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) सांधे बघायचे. दांडा हलला पण पुढचा भाग थोडा उशिरा हलला, तर मधला सांधा गेला. मग पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर किंगपिन (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती) आणि तिच्याभोवतीचे बुश बदलायला झाले. किंगपिन दोन्ही बाजूंचे एकदम बदला आणि नवे बुश रीमर मारूनच (भोक मापात कापूनच) बसवा. हातोडीनं ठोकून बसवलेले बुश सहा महिन्यांत पुन्हा ढिले होतात.

किंगपिन झिजण्याचं मुख्य कारण ग्रीस न भरणं. दर 1500 किलोमीटरला चाक उचलून, म्हणजे वजन नसताना, निपलमधून ग्रीस भरा. जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येऊन मागून स्वच्छ दिसू लागेपर्यंत पंप मारा. चाक जमिनीवर असताना भरलं तर ज्या बाजूवर भार आहे तिथे ग्रीस पोचतच नाही. स्टिअरिंग बॉक्समध्ये मात्र ग्रीस नको, 90 नंबरचं गिअर ऑइल हवं. सगळं झालं की टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) तपासून घ्या.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये दुपारी दहा मिनिटं गाडी बंद केली की पुन्हा लवकर सुरू होत नाही. अर्ध्या तासानं एका सेल्फमध्ये लागते.
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि इंजिनची उष्णता कार्बोरेटरवर चढते. बाहेर 42 अंश असताना कार्बोरेटरच्या वाडग्यातलं (पेट्रोल साठणाऱ्या छोट्या कप्प्यातलं) पेट्रोल उकळायला वेळ लागत नाही. त्यातून दोन उलट गोष्टी घडू शकतात. पेट्रोलचा वास येत असेल तर ते उतू जाऊन आत सांडलं आहे : चोक ओढू नका, पेडल पूर्ण दाबून स्थिर धरा, मारत राहू नका, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. वास नसेल तर वाडगा रिकामा आणि नळीत वाफ आहे. इंजिनजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. दोन्ही उपायांनी लागली नाही तर तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणारे भाग) तपासून घ्या.

कायमच्या उपायात पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्या आणि कार्बोरेटरखाली 6 ते 8 मिलिमीटरचा बेकेलाइटचा तुकडा दोन गॅस्केटांसह बसवा. त्यासाठी स्टड लांब लागतील, आणि बॉनेट नीट बंद होतं का ते आधी बघा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणं आजच थांबवा. क्षारांचा थर जाळीत बसतो आणि गाडी आधीच गरम चालू लागते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

प्रश्न : 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं गाडी खोकते. काय करावं?
– एक वाचिका, नवी पेठ

उत्तर : इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) आलेलं मिश्रण साधारण 8 टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. प्लग काढून बघा : टोकाची चिनीमाती बिस्किटाच्या रंगाची हवी, पांढरी फटक असेल तर मिश्रण पातळ आहे. मेन जेट एक पायरी वाढवा. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. 120 च्या जागी 125 घातला की भोकाचं क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे नेमकं हवं तेवढं. तार घालून भोक मोठं करू नका, ते वेडंवाकडं होतं आणि मग कुठलाच हिशोब लागत नाही. त्यानंतर आयडलिंगचा स्क्रू नव्यानं लावून घ्या.

जेटआधी रबर बदला. जुन्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या मागून घ्या. टाकीतला जुना गाळही सुटून येतो, त्यामुळे पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या दोन महिन्यांत दोनदा बदला. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत ओल धरते, आणि पाणी वाढलं की इथेनॉल त्याच्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं.

प्रश्न : गाडी 1978 ची आहे. व्हिंटेजचा नंबर मिळेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे 1978 ची नोंदणी असेल तर 2028 पर्यंत थांबा. शुल्क 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मात्र ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज बाजारात न्यायची असेल तर सध्याचीच नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहा. आणि तोवर दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवू नका. इंजिन, सांगाडा किंवा बॉडी मूळची राहिली नाही तर अर्ज नामंजूर होईल.