नडगीवरचे डाग आणि पाठीवरचे डाग

अगं, पोराच्या अंगावरचे डाग बघून ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग तर नाही ना, अशी धास्ती घेतलीस, पण दीड वर्षाच्या पोराच्या नडगीवर काळे-निळे डाग नसते तर मला उलट नवल वाटलं असतं. गुडघे, नडग्या, कपाळ ही आपटायची ठरलेली ठिकाणं. माझा धाकटा तर टीपॉयच्या कोपऱ्याशी जुनं वैर असल्यासारखा धडकायचा. ढुंगणावर जन्मापासून असलेला निळसर डागही माराचा नसतो, आपल्याकडे कितीतरी बाळांना असतो.

मात्र पोट, पाठ, कान इथे न पडता-झडता डाग उठले तर थांबू नकोस. रांगतही नसलेल्या बाळाला एक डाग दिसला तरी त्याच दिवशी दाखवायचं. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर काचेचा पेला दाबून बघ. साधं पुरळ बहुधा फिकं पडतं, कातडीखालचं रक्त तसंच राहतं. तसंच राहिलं आणि ताप असेल तर मध्यरात्रीसुद्धा दवाखाना गाठ. चेहरा पांढुरका पडणं, हिरड्यांतून रक्त, हटत नसलेला ताप, लंगडणं, मानेतल्या गाठी हे डॉक्टरांना आपणहून सांग.

पहिली तपासणी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, साधारण 1.5 ते 4.5 लाख हव्यात. कमी आल्या म्हणजे लगेच ल्युकेमिया नव्हे. पावसाळ्यात डेंग्यू असतो, कधी सर्दी-तापानंतरचा आयटीपी, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार, जो बहुतेक मुलांत 6 महिन्यांत बरा होतो. तोवर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन मनाने देऊ नकोस. आणि डागांचे फोटो तारखेसकट काढून ठेव. मी डॉक्टरांसमोर नुसतं 'परवा होता बहुतेक' म्हणत बसले होते.