प्रवाळांजवळ समुद्रतळावर दिसणारे गुलाबी खडे काय असतात?

ते जिवंत शैवाल आहे! चुन्याचं कवच तयार करणाऱ्या लाल शैवालाच्या या गोळ्यांना रोडोलिथ म्हणतात. ब्राझीलच्या आब्रोल्योस प्रवाळक्षेत्राजवळ त्यांचा सुमारे २०,९०० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एक. लाटा, प्रवाह आणि तळ उकरणारे मासे त्यांना फिरवत राहतात, म्हणून सगळ्या बाजूंना उजेड मिळतो. नुसत्या वाळूवर ज्यांना टिकता येत नाही असे स्पंज, शिंपले, छोटे खेकडे त्यांच्या फटींत राहतात. याच गटातलं, खडकाला पापुद्र्यासारखं चिकटणारं शैवाल अनेक प्रवाळांच्या अळ्यांना बस्तान बसवायला लागतं.

वाढ मात्र वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, अनेकदा त्याहूनही कमी. म्हणूनच तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. शिवाय रोडोलिथचा मॅग्नेशियमयुक्त चुना आम्लता वाढत चाललेल्या समुद्रात लवकर विरघळतो.