डीएनए ओळखायला सोनं कशाला?

प्रश्न: शुगरच्या पट्टीसारखी डीएनए ओळखणारी पट्टी असते आणि तिच्यात सोन्याचे नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) घालतात असं वाचलं. सोनंच का? उगाच महाग नाही का पडणार?

उत्तर: अहो, सोनं लागतं ते इतकं कमी की खर्चाचं टेन्शन नकोच! मुद्दा असा की डीएनएच्या टोकाला गंधकाचा गट जोडला की तो सोन्याला घट्ट चिकटतो, आणि सोन्यातून करंटही छान जातो. २००२ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ चॅड मर्किन यांच्या टीमने काय केलं, दोन इलेक्ट्रोडमध्ये (करंट नेणाऱ्या धातूच्या टोकांमध्ये) २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी फट ठेवली, तिच्यात डीएनएचा ओळखीचा तुकडा बसवला, मग शोधायचा डीएनए आला की तो एका बाजूने या तुकड्याला आणि दुसऱ्या बाजूने सोन्याच्या कणावर चिकटवलेल्या डीएनएच्या तुकड्याला धरतो, त्या कणांवर चांदी चढवली की फट बुजते आणि करंट वाहायला लागतो. जोडी जुळलीच नाही तर कणही नाहीत, करंटही नाही. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, कमी मिठाच्या पाण्याने धुतलं की साखळीतल्या एकाच अक्षराचा (म्हणजे एका घटकाचा) फरक असलेला डीएनएसुद्धा सुटून निघून जातो, बरोबरवाला तेवढा चिकटून राहतो. पण रक्तातून डीएनए वेगळा काढायची कटकट आहेच, त्यामुळे शुगरसारखं बोट टोचलं आणि झालं, इतकं सोपं ते नाही.