दुखणी तिच्या वाट्याला, वर्षेही तिच्याच?

प्रश्न : माझी पत्नी अनेक वर्षे अर्धशिशी आणि आमवाताने बेजार आहे. मला मात्र गेल्या दहा वर्षांत दवाखान्याची पायरी चढावी लागलेली नाही. तरीही स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, असे वाचनात येते. हे कसे?

उत्तर : जगभराचा विचार केला तर स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा सुमारे ५ वर्षांनी अधिक आहे, परंतु निरोगी अवस्थेत जगलेली वर्षेच मोजली, तर हे अंतर जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे स्त्रीला मिळणाऱ्या जादा वर्षांपैकी बरीचशी तिला दुखण्यासोबतच काढावी लागतात.

आजारांचा प्रकार पाहिला की आपले कोडे बरेचसे सुटते. अर्धशिशी, आमवात, हाडांची ठिसूळता, थायरॉइडचे विकार हे स्त्रियांमध्ये अधिक आढळणारे आजार माणसाला वर्षानुवर्षे छळतात, पण सहसा थेट जीव घेत नाहीत. उलट ऐन उमेदीच्या वयातील हृदयविकार आणि जीवघेणे अपघात यांचे प्रमाण पुरुषांमध्ये जास्त असते.

यामागे शरीराची घडणही आहे. स्त्रीच्या पेशींत २ एक्स गुणसूत्रे असतात, त्यामुळे एकावरील जनुक सदोष निघाले तरी बहुधा दुसऱ्यावरचे जनुक काम निभावून नेते. पुरुषाकडे एकच एक्स असल्याने त्याला ही सोय नसते, म्हणून हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा विकार) आणि जन्मजात रंगांधत्व प्रामुख्याने त्याच्यातच दिसतात. प्रतिकारशक्तीशी निगडित अनेक जनुकेही याच गुणसूत्रावर आहेत. स्त्रीचे शरीर संसर्गाशी सहसा अधिक जोमाने लढते, मात्र हाच जोम कधी स्वतःवर उलटतो : ल्युपस या, प्रतिकारशक्तीच शरीरावर हल्ला करते अशा आजाराच्या दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात, आणि आमवातही त्यांना पुरुषांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. आपल्या पत्नीला छळणारी यंत्रणा तिचे रक्षणही करत असावी, हे थोडे विचित्र वाटेल खरे.

तरीही सगळा भार गुणसूत्रांवर टाकणे मला पटत नाही. धूम्रपान आणि मद्यपान पुरुषांमध्ये अधिक आहे, आणि दुखणे अंगावर काढण्याची सवयही. दवाखान्यात न जाणे आणि निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उच्च रक्तदाब आणि मधुमेह अनेकदा कोणतीही चाहूल न देता वाढत राहतात. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी आपण या महिन्यातच करून घ्यावी.

पत्नीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे हृदयाला मिळणारे संरक्षण रजोनिवृत्तीनंतर ओसरते, शिवाय आमवातामुळेही हृदयविकाराचा धोका वाढतो. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांनाही छातीत दुखतेच. परंतु त्यासोबत किंवा कधी त्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यात वा पाठीत वेदना जाणवण्याची शक्यता त्यांच्यात अधिक असते. अशी लक्षणे अचानक दिसल्यास ती नेहमीच्या दुखण्यांच्या खाती जमा न करता तिला तातडीने रुग्णालयात न्यावे.