पाणी बघा, मग वस्तू बघा

तुमचा प्रश्न असा आहे की घरातल्या रोजच्या वस्तूंबद्दल फारसं कुणाला माहीत नसलेलं, पण कामाला येईल असं काय आहे, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या टिपा खरंच चालतात का.

माझं लातूरला गिझर, कूलर, कुकर, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: वस्तू कशी वागेल हे त्या गावचं पाणी आणि हवा ठरवते. कोकणातल्या घरात चाललेली युक्ती मराठवाड्यात चालेलच असं नाही. आमच्याकडे उन्हाळ्याची हवा कोरडी ठणठणीत आणि बोअरचं पाणी जड. पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमधून झिरपत खाली जातं, तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन जातं. बोअर जितकं खोल, तितकी बहुतेक वेळा क्षारांची भर जास्त. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

माठापासून सुरू करतो, कारण घरातली सगळ्यात हुशार वस्तू तीच आहे असं मला मनापासून वाटतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगावरून उडून जातं आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. किती? एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे दहा लिटरच्या माठातलं जेमतेम ग्लासभर, २०० मिली पाणी उडालं, तर उरलेलं पाणी हिशेबाने बारा अंशांच्या आसपास उतरायला हवं. बाहेरची उष्णता आत येतच असते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. पण ग्लासभर पाण्यात एवढं काम होतं, तेही विजेशिवाय.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, माठ कोपऱ्यात, कपाटाआड ठेवू नका. त्याला वारा लागला पाहिजे. तिवईवर, खिडकीजवळच्या सावलीत ठेवा आणि चारी बाजूंनी मोकळा राहू द्या. भोवती ओलं फडकं गुंडाळलं तर आणखी बरं, पण फडकं वाळू देऊ नका. दुसरी, जुना माठ पाणी गार करत नाही ही आपल्या घरच्या बायांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. माठाच्या अंगावर पांढरी खपली धरते ना, ते पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार. तेच छिद्रांत जाऊन बसतात आणि पाझर बंद पडतो. अक्षय तृतीयेला नवा माठ आणायची आपली रीत मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. तोवर नुसत्या पाण्याने, काथ्याने बाहेरून घासत जा. साबण किंवा भांड्याची पावडर अजिबात लावू नका. ती छिद्रांत मुरते आणि पुढचे कित्येक दिवस पाण्याला तिचा वास येतो.

आता कुकर. दोन वर्षांपूर्वी एक काकू एकच कुकर घेऊन तीनदा आल्या. पहिल्यांदा रिंग बदलली, दुसऱ्यांदा शिट्टी. तिसऱ्यांदा त्या जवळजवळ रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, सात शिट्ट्या झाल्या तरी वरण मोडत नाही, सासूबाई मलाच बोलतात." मी कुकर दुकानात लावून पाहिला, दाब बरोबर होता. मग विचारलं, पाणी कुठलं? तर नव्या घरी बोअर घेतलेलं. म्हणजे दोष कुकरचाही नव्हता आणि काकूंचाही नव्हता. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटतच नाही. तूरडाळीच्या गावात डाळ शिजेना, याचं मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

उपाय साधा आहे. डाळ भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या. पावसाळ्यात स्वच्छ छतावरचं साठवलेलं पाणी असेल तर ते उकळून घ्या. तेही नसेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, पण चिमूटभरच. जास्त झाला की चव बिघडते आणि डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व जातं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ मोडल्यावरच घाला, आंबटानेही दाणा कडक राहतो. आणि पूर्ण दाबावर कुकरच्या आत साधारण १२० अंश तापमान असतं. एकदा शिट्टी झाली की मोठ्या आचेने ते आणखी वाढत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करा.

कपड्यांचंही तसंच. जड पाण्यात साबणाची वडी फेस देण्याऐवजी कॅल्शियमशी जुळून पांढरा चिकट साका करते, तोच पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला बसतो. बादलीत आधी अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, दहा मिनिटं थांबा, मग पावडर टाका. निम्म्या पावडरीत काम होतं. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र हा सोडा दाखवू नका.

गिझरबद्दल एक गोष्ट सांगतो. ती ऐकून गिऱ्हाईक हमखास चकित होतं. टाकीच्या गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते आणि ती झिजून संपून जावी म्हणूनच बसवलेली असते. पाणी लोखंडी टाकीला खायच्या आधी त्या कांडीला खातं. कांडी संपली की टाकीची पाळी. आमच्या पाण्यात ती लवकर संपते, म्हणून वर्षा-दीड वर्षाने उघडून बघायला सांगा. मी कित्येक टाक्या अशा पाहिल्यात की वेळेवर साध्या कांडीचा खर्च केला असता तर पुढची पाच वर्षं सहज गेली असती.

दुसरं म्हणजे कॉईल. तिच्यावर चुनखडीचा थर बसतो, आतली उष्णता पाण्यात जात नाही, कॉईल स्वतःच तापून तापून एक दिवस फुटते. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर जास्त, कारण विरघळलेला चुना तापल्यावरच खाली बसतो. म्हणून गिझरचा काटा पंचावन्न अंशांच्या आसपास ठेवा. थर काढायला लिंबूसत्त्व घ्या. किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणून मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे टाकून त्यात काढलेली कॉईल तासभर बुडवली की थर फसफसून सुटतो. नळाच्या तोटीला आणि शॉवरच्या जाळीलाही हेच. फडकं भिजवून पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा.

इथेच मोबाईलवरच्या टिपेचं उत्तर देतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून नळ घासा, असं सगळीकडे फिरतं. फेस भरपूर येतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं एकमेकांना मारतात, फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साईड, आणि उरतं ते मिठासारख्या एका क्षाराचं पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा. क्षाराच्या थराला आंबट पाहिजे, तेलकटाला सोडा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. क्षाराचे डाग निघत नाहीत म्हणून आपल्याकडे बाथरूममध्ये अॅसिड ओततात आणि टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडरही त्याच कोपऱ्यात असते. ही दोन्ही कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दार लावून घासायला बसलेल्या माणसाच्या छातीत तो काही क्षणांत भरतो. तसं काही झालंच तर घासाघीस सोडा, बाहेर मोकळ्या हवेत या.

तुरटी मात्र आमच्या पाण्यावर खूश असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, ती पहिली खेप. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत विहिरीवरून भरलेले टँकर यायचे, पाणी गढूळ. माय पितळी घागरीत तुरटीचा खडा चार-सहा वेढे फिरवायची आणि तासाभरात गाळ तळाला. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम तो भार मोडतं, कण गोळा होऊन बसतात. जड पाण्यातला बायकार्बोनेट या कामाला मदतच करतो. पण निवळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नाही. वरचं पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात ओता आणि मग उकळा.

गॅस सिलिंडरचं थोडक्यात: वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि साल लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ही टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेलेली टाकी घेऊ नका. गॅस किती उरलाय हे बघायला ओल्या फडक्याने टाकी पुसा. आत जिथवर द्रव आहे तो भाग उशिरा वाळतो. गळतीचा वास आला तर बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. खिडक्या-दारं उघडा आणि १९०६ ला फोन लावा.

शेवटी कूलर. तो माठाचाच भाऊ, पण त्याला वारा बाहेर जायला वाट लागते. खिडकी उघडी नसेल तर खोलीत दमट हवा कोंडते आणि तासाभरात घाम सुटतो. रोज वरून पाणी भरत गेलात तर आतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी खालचं बूच काढून सगळं सोडा. आठवड्यातून एकदा टाकीच्या भिंती घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

पण कूलरबद्दल सगळ्यात महत्त्वाचं पाण्याचं नाही, मातीचं आहे. मागच्या मे महिन्यात एका घरातल्या लेकराला कूलरच्या पत्र्याचा झटका बसला. दैव बलवत्तर म्हणून वाचलं. मी जाऊन पाहिलं, वायरिंग नवं, अर्थिंगची तारही जोडलेली. खड्ड्याशी गेलो तर काळी माती फाटून हातभर भेगा पडलेल्या. ओली असताना काळी माती वीज चांगली जिरवते. ती वाळून आक्रसली की सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. म्हणजे नेमका ज्या महिन्यांत ओला कूलर चालतो, त्याच महिन्यांत आमच्याकडचं अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं.

म्हणून कूलर माळ्यावरून काढाल त्याच दिवशी अर्थिंगचा खड्डा शोधा. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा. आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता, भांडी विसळलेलं चालेल. मीठ-कोळसा जुना झाला असेल तर वायरमनकडून नवा भरून घ्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला असू द्या, घरात कितीही गरम होत असलं तरी.