ताडाला फळच धरत नाही, तोडू का?

प्रश्न : डहाणूजवळ आमची वडिलोपार्जित वाडी आहे. बांधावर एक उंच ताड आहे, पण मला आठवतं तेव्हापासून त्याला एकही ताडगोळा लागलेला नाही. फळ नाही, सावली नाही, मग तोडून तिथे माड लावावा असं घरात चाललं आहे. तुमचं मत काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपा करून तोडू नका. तुमचा ताड नर असणार. माडाच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात; ताडाचं तसं नाही, नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. खात्री करायची तर फुलोऱ्याच्या दिवसांत दुर्बिणीने शेंड्याकडे बघा. बोटांसारखे जाड, तपकिरी तुरे लोंबताना दिसले की नर समजा. मादीच्या दांड्यावर लहान हिरवे गोळे बसलेले असतात. पहिला फुलोरा यायला साधारण १२ ते २० वर्षं लागतात आणि तोवर नर-मादी ओळखणं जाणत्यालाही जमत नाही.

एप्रिल-मे महिन्यात शेजारच्या वाडीतले ताडगोळे तुम्ही सोलून खात असाल, वरची पिवळसर साल काढताना आतलं गोड पाणी मनगटावर ओघळत असेल, तर त्या फळात तुमच्या झाडाच्या परागाचा वाटा असू शकतो. परिसरातले सगळे नर गेले तर माद्या फळणार कशा?

शिवाय रस नराचाही निघतो. तुरे बांधायचे, कोयत्याने टोकाची पातळ चकती रोज काढत राहायची आणि खाली मडकं अडकवायचं. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा. चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत त्याची ताडी होते. आपल्या किनाऱ्यावर भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे जोखमीचं काम केलं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्यांच्या पोटावर मोठा घाव घातला, हे विसरलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. आजही रस काढायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो आधी घ्या.

पानांचे पंखे आणि चटया होतात, छपरं शाकारता येतात. वारल्यांच्या तारप्याचा कर्णा याच पानाचा. पानं उतरवणाऱ्याला मात्र सांभाळून काम करायला सांगा. देठाच्या दोन्ही कडांना काळे, टोकदार दाते असतात, ते हात फाडतात. पानाच्या खालच्या बाजूला पाकोळी लाळेने पिसं चिकटवून इवलंसं घरटं करते. ते दिसलं तर ते पान राहू द्या. सुगरणींची घरटी लोंबत असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

माड हवाच असेल तर तो विहिरीजवळ लावा. बांधावर उन्हाळाभर त्याला पाणी कोण घालणार? ताड पाण्याविना, खाऱ्या वाऱ्यात उभा राहतो. जुन्या ताडाच्या खोडाचा बाहेरचा काळा भाग वाशांना उत्तम, पण त्यासाठी उभं झाड पाडू नये, असं माझं ठाम मत आहे.

ताडगोळे घरचेच हवेत, तर पावसाळ्यात पिकून पडलेल्या फळांतल्या चार-पाच बाठा त्याच बांधावर, अंतर ठेवून पुरा. रोप पिशवीत करून नंतर हलवायच्या फंदात पडू नका. बाठीचा कोंब आधी जमिनीत खोल उतरतो, आणि तो दुखावला की रोप जगत नाही.