भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे का?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतील माणसांची एक तक्रार ठरलेली असते. "माझ्यात आत्मविश्वास नाही," असे ती सांगतात आणि लगेच, काहीशा अपराधी स्वरात, "प्रार्थना करूनही भीती जात नाही, म्हणजे माझा विश्वासच कमी असणार," अशी पुस्ती जोडतात. पहिल्या वाक्यातील त्रासावर पुष्कळ उपाय सांगितले जातात. दुसऱ्या वाक्यातील दुखणे मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही, आणि माझ्या अनुभवात अधिक जाचते ते हेच. ओळख पटेल असे तपशील बदलून एका बाईंची हकीकत येथे सांगते.

या बाई घणसोलीत राहतात आणि तिथल्याच औद्योगिक पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाण्याच्या नमुन्यांची तपासणी करतात. पाण्यातील प्रदूषणाचे प्रमाण सांगणाऱ्या सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) चाचणीत नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि आम्लासह साधारण दोन तास उकळावा लागतो. नमुना सव्वाचारला हाती येई आणि पाच वाजता वरिष्ठ नोंदवही मागत. आदल्या दिवसाच्या आकड्यात थोडा फरक करून तो लिहावा आणि खाली सही करावी, अशी त्यांची अपेक्षा असे. बाईंना हे पटत नव्हते, पण केबिनमध्ये उभे राहिले की तोंडाला कोरड पडे, हातापायांना कंप सुटे आणि तोंडातून "हो सर" एवढेच बाहेर पडे.

ठाण्यात माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी व्यक्तिमत्त्व विकासाचा एक वर्ग केला होता. तिथे आरशासमोर उभे राहून "मी समर्थ आहे, मी करू शकते" असे रोज म्हणायला शिकवले होते. अशा वाक्यांचा काहींना उपयोग होत असेलही, परंतु ज्याला स्वतःविषयीच शंका आहे त्याने स्वतःचीच ग्वाही द्यायची, यात मला पहिल्यापासून अडचण दिसते. घरी सकाळी म्हटलेले वाक्य संध्याकाळी केबिनमध्ये खोटे ठरे आणि आपण कुचकामी आहोत, याचा बाईंना जणू नवा पुरावा मिळे. शिवाय सासूबाई म्हणत, "प्रभूवर भार टाक, भीती पळून जाईल." ती पळत नव्हती, म्हणून रविवारी उपासनेत बसतानाही बाईंना संकोच वाटू लागला होता.

प्रथम मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. धडधड आणि कंप यांमागे थायरॉइडसारखे शारीरिक कारण असू शकते, आणि श्रद्धेची चर्चा हा तपासणीला पर्याय नव्हे. तपासणीत काही निघाले नाही. त्यानंतर आम्ही श्वासाचे साधे व्यायाम सुरू केले. श्रद्धेचा विषय मी होऊन काढत नाही, तो त्यांनीच काढला. "मॅडम, येशूबरोबर चालणाऱ्याला भीती वाटायलाच नको ना?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सव्विसावा अध्याय पुन्हा वाचून यायला सांगितले. नेहमीप्रमाणे वधस्तंभाकडे घाईने न जाता, येशूला अटक झाली ती गेथशेमाने बागेतील रात्र सावकाश वाचा, असे सुचवले.

त्या रात्री सर्वांत जास्त आत्मविश्वास येशूचा शिष्य पेत्र याला होता. बाकीचे सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे त्याने ठामपणे सांगितले, जागे राहायच्या वेळी तो झोपला आणि कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले. उलट स्वतः येशू अत्यंत व्याकूळ होता, त्याने ते तीन शिष्यांजवळ उघडपणे बोलून दाखवले, जागे राहून सोबत करण्याची विनंती केली आणि शक्य असल्यास हा दुःखाचा प्याला टळो, अशी प्रार्थनाही केली. तरीही उठून पुढे गेला तो येशूच. हे वाचून आलेल्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "म्हणजे घाबरणे हे पाप नाही." त्यांच्या मनावरचे अर्धे ओझे तिथेच उतरले, असे मला वाटते.

पुढे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा चौथा अध्याय आम्ही एकत्र वाचला. येशूविषयी बोलू नका अशा धमक्या मिळालेले त्यातील विश्वासणारे, आमची भीती काढून टाक किंवा धमक्या देणाऱ्यांना दूर कर, असे मागत नाहीत. धमक्यांकडे तू लक्ष दे आणि आम्हांला धैर्याने बोलू दे, असे ते मागतात. बाईंनी आपली प्रार्थना याप्रमाणे बदलली. यात मानसशास्त्रालाही पटणारी एक गोष्ट आहे. सामाजिक चिंतेविषयी, म्हणजे लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीविषयी, क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये जे प्रारूप मांडले, त्यात घाबरलेल्या माणसाचे लक्ष स्वतःवरच खिळून राहते, आपला आवाज कसा लागतो, हात किती थरथरतात हेच तो तपासत बसतो आणि त्यामुळे भीती टिकून राहते, असे सांगितले आहे. "मी पुरेशी आहे का?" हा प्रश्न सोडून "ज्या देवासमोर मी उभी आहे तो माझ्याबरोबर आहे आणि मला खरे बोलायचे आहे" एवढेच मनात धरले की ही पहारेदारी सैल होते.

बोलायचे वाक्यही आम्ही नेमके ठरवले: "सर, नमुना सव्वाचारला आला, चाचणी साडेसहापर्यंत पूर्ण होईल, त्याआधी मी सही करणार नाही." बायबलमधील मोशेने आपण बोलण्यात जड असल्याची सबब सांगितली, तेव्हा देवाने त्याला वक्तृत्व दिले नाही, सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला. त्या आधाराने बाईंनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला बरोबर नेले.

वाक्य बोलताना त्यांचा आवाज कापला आणि डोळ्यांत पाणी आले. वरिष्ठ ओरडले. सही मात्र झाली नाही, आणि त्या दिवशीचा खरा आकडा संध्याकाळी नोंदवहीत चढला. काही आठवड्यांत बाईंची बदली कच्च्या मालाच्या तपासणीत झाली आणि पगारवाढ अडली. आत्मविश्वास वाढला का, असे विचारल्यावर त्यांनी नाही असेच उत्तर दिले. घराच्या हप्त्याच्या काळजीने त्यांचे यजमान अजून नाराज आहेत, त्यामुळे पुढच्या बैठकीला दोघांनाही बोलावले आहे.